बी.ई., बीसीए की डिप्लोमा? संगणकाच्या पदव्या आणि आपली कागदपत्रे

दहावी-बारावीचे निकाल लागले की नंदनवनमधल्या आमच्या विहारात रविवारची वंदना संपल्यावरही लोक लवकर उठत नाहीत. कुणाच्या हातात गुणपत्रिका असते, कुणाच्या मोबाइलवर एखाद्या कॉलेजची जाहिरात. प्रश्न बहुतेक एकच असतो, "दादा, पोराला कॉम्प्युटरला टाकायचं आहे. कुठे टाकू?"

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आईला घेऊन आला होता. सीईटीचे गुण बरे होते. पण तो आमच्याकडे आला तेव्हा प्रवेश आधीच झालेला होता. एका कॉलेजातून फोन आला, "सीटा संपत आल्या, आजच पैसे भरा," आणि घरच्यांनी कॅप राउंडची वाट न पाहता मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरले. त्या जागेला शिष्यवृत्तीही नाही आणि फ्रीशिपही नाही, हे नंतर कळले. आईने बचत गटातून कर्ज काढले. दुसऱ्या वर्षी मुलाने कॉलेज सोडले. चार आठवडे थांबला असता, तर कदाचित तीच शाखा शिक्षण शुल्क न भरता मिळाली असती.

हे पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख. आमचे म्हणणे थोडक्यात असे: संगणकाच्या शिक्षणात पदवीच्या नावापेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. त्या पदवीने पुढची कोणती दारे उघडतात, प्रवेश कोणत्या मार्गाने होतो, आणि त्या वेळी आपली कागदपत्रे तयार आहेत का. शाखेच्या नावावर आपण महिनाभर चर्चा करतो आणि जात वैधता प्रमाणपत्राची आठवण जुलैत होते. हा क्रम उलटा करायला हवा.

आधी पदव्या समजून घेऊ

बी.ई. किंवा बी.टेक. हा चार वर्षांचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम आहे. बी.ई. आणि बी.टेक. यांत नोकरीच्या किंवा पुढच्या शिक्षणाच्या दृष्टीने फरक धरला जात नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितासह विज्ञान शाखा लागते. राज्यातील कॉलेजांसाठी बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के गुण हवेत आणि एमएचटी-सीईटी दिलेली असावी. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असे मूलभूत विषय असतात. खरे संगणकशास्त्र दुसऱ्या वर्षापासून सुरू होते: डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर. हे विषय कठीण वाटतात, पण चांगल्या कंपन्या मुलाखतीत यांवरच प्रश्न विचारतात.

याच छत्राखाली आता बरीच नावे दिसतात. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, आयटी, आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी. मुले यांत अडकतात. पहिल्या दोन शाखांत फरक फार थोडा आहे. आयटीत वेब, नेटवर्क आणि प्रत्यक्ष वापराकडे कल थोडा जास्त असतो. एआय-डेटा सायन्समध्ये संख्याशास्त्र आणि गणित वाढते. पहिली दोन वर्षे सगळ्यांची बरीचशी सारखीच असतात. म्हणून आमचा सल्ला असा की चांगल्या कॉलेजातील आयटी सोडून, फक्त "एआय" हे नाव हवे म्हणून शिक्षक नसलेल्या कॉलेजात जाऊ नका.

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी ही विज्ञान शाखेची पदवी आहे. सिद्धान्त शिकायला मिळतो आणि खर्च अभियांत्रिकीपेक्षा बराच कमी असतो. पुढे एम.एस्सी. किंवा एमसीए करता येते. गणित विषय घेऊन बी.एस्सी. केलेल्यांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाचाही मार्ग नियमात आहे, हे अनेकांना माहीत नसते.

बीसीए म्हणजे संगणकाच्या उपयोजनाची पदवी. प्रोग्रामिंग, डेटाबेस, वेब असा हाताने काम करण्यावर भर. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी वेगळी सीईटी सुरू झाली. अनेक विद्यार्थ्यांना ही सीईटी आहे हेच कळत नाही, कारण पूर्वी बीसीएला बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश मिळायचा. बारावीला असतानाच सीईटी सेलच्या संकेतस्थळावर तारखा पाहत राहा.

बीसीसीए हे नाव नागपूर विद्यापीठाच्या परिसरात घरोघरी माहीत आहे. ही वाणिज्य शाखेची, संगणक उपयोजनाची पदवी. कॉमर्सच्या मुलांना संगणकाकडे येण्याची ही सोपी वाट आहे. अकाउंट्स आणि संगणक दोन्ही येत असल्याने लेखा सॉफ्टवेअर, बँका, छोटी कार्यालये यांत कामे मिळतात. पण पुढे सॉफ्टवेअरमध्येच जायचे असेल तर प्रवेशाआधी एमसीएची पात्रता तपासा. एमसीएसाठी बीसीए किंवा संगणकाची समकक्ष पदवी, अथवा बारावीला किंवा पदवीला गणित असणे ही मुख्य अट असते. बीसीसीएच्या तिसऱ्या वर्षी "गणित कुठे होतं?" असे विचारायची वेळ येऊ नये.

डिप्लोमा, म्हणजे पॉलिटेक्निक. दहावीनंतर तीन वर्षे. यासाठी सीईटी नाही, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. हिशेब करून पाहा: अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि बी.ई.ची चार, असे सहा. डिप्लोमाची तीन आणि बी.ई.ची उरलेली तीन, असे पुन्हा सहा. वर्षे सारखीच लागतात, पण दुसऱ्या वाटेत तिसऱ्या वर्षाअखेर हातात एक पूर्ण पात्रता असते. घरची परिस्थिती मध्येच बिघडली तर डिप्लोमाधारक नोकरी धरू शकतो, फक्त बारावी झालेल्या मुलाला ते अवघड जाते. खासगी शिकवणीचा खर्च न झेपणाऱ्या घरासाठी ही वाट आम्हाला नेहमीच चांगली वाटते. मात्र डिप्लोमातून आलेल्यांनी दुसऱ्या वर्षाच्या गणिताची तयारी सुट्टीतच करून ठेवावी. तिथेच बरेच जण अडखळतात.

एमसीए आता दोन वर्षांचे आहे, पूर्वी तीन वर्षांचे होते. बीसीए अधिक एमसीए म्हणजे बारावीनंतर पाच वर्षे. एवढे झाले की सॉफ्टवेअरच्या बहुतेक नोकऱ्यांसाठी बी.ई. झालेल्या उमेदवाराच्या शेजारी बसून अर्ज करता येतो.

ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी इग्नूचे बीसीए आणि एमसीए आहे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी जाहीर केली. तिथे जेईई न देता पात्रता फेरीतून प्रवेश मिळतो, अभ्यास घरून करायचा आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. मध्येच थांबावे लागले तरी टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्र आणि डिप्लोमा मिळतो. अनुसूचित जातीच्या कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सवलत आहे. दिवसा काम आणि रात्री अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांनी ही वाट जरूर पाहावी.

आणि एक स्पष्ट सांगतो. एमएस-सीआयटी, टायपिंग, सहा महिन्यांचा "फुल स्टॅक" कोर्स या पदव्या नाहीत. एमएस-सीआयटी शासकीय नोकरीत संगणक अर्हता म्हणून लागते, ते जरूर करा. पण त्याच्या जोरावर सॉफ्टवेअरची नोकरी मिळत नाही.

कुठल्या पदवीने कुठले दार उघडते

सरकारी आणि बँकेच्या नोकऱ्यांचे एक उदाहरण घेऊ. राष्ट्रीयीकृत बँकांमध्ये आयबीपीएसमार्फत आयटी अधिकारी भरले जातात. त्यासाठी संगणक, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स यांसारख्या शाखेतील चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, किंवा त्या विषयांतील पदव्युत्तर पदवी, किंवा कोणत्याही पदवीसोबत डोएक 'बी' लेव्हल लागते. म्हणजे नुसत्या बीसीएवर हे दार उघडत नाही, बीसीए करून एमसीए केले तर उघडते. या पदांना आरक्षण आहे आणि आपल्या मुलांचे अर्ज अनेकदा केवळ पात्रतेअभावी बाद होतात.

दुसरे उदाहरण एम.टेक.चे. गेट परीक्षा देऊन आयआयटी किंवा एनआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा विद्यावेतन मिळते. त्यासाठी बी.ई. किंवा एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी असावी लागते.

तिसरे, खासगी कंपन्यांचे. मोठ्या कंपन्या बीसीए-बी.एस्सी.च्या मुलांनाही घेतात. विप्रोसारख्या कंपनीने नोकरी करतानाच उच्च शिक्षण घेण्याची योजना अशा मुलांसाठी चालवली आहे. पण भरतीत अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के आणि बॅकलॉग नसणे अशी चाळणी लावतात. म्हणून पहिल्या सत्रापासून विषय राहू देऊ नका.

नंदनवनमधून कुठे जाता येते

आपल्या वस्तीचे एक भाग्य असे की अभियांत्रिकी कॉलेज दारातच आहे. ग्रेट नाग रोडवरचे कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आपले केडीके, १९८४ साली सुरू झाले. बॅकवर्ड क्लास यूथ रिलीफ कमिटी ही त्याची मातृसंस्था. ज्यांच्या नावाने ते आहे ते मारोतराव कन्नमवार १९६२-६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. वस्तीतली किती तरी मुले या फाटकासमोरून रोज शाळेत गेली, पण आत शिकायला जाता येते हे त्यांना कुणी सांगितले नाही.

शहराच्या पश्चिमेला व्हीएनआयटी आहे. १९६० साली विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ती सुरू झाली आणि आज राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे. तिथला प्रवेश जेईई मेनमधून, जोसा समुपदेशनाद्वारे होतो. निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि अनुसूचित जातींसाठी केंद्राच्या नियमानुसार १५ टक्के आरक्षण आहे. एनआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. २०१६ मध्ये नागपूरला ट्रिपल आयटीही आली, तिचा परिसर बुटीबोरीजवळ वारंग्याला आहे. प्रवेश त्याच जेईई मेनमधून होतो, पण तिथे राज्याचा वेगळा कोटा नाही आणि शुल्कमाफी एनआयटीसारखीच असेल असे गृहीत धरू नका. आधी विचारा.

राज्य शासनाचे स्वतःचे अभियांत्रिकी महाविद्यालयही २०१६ पासून नागपुरात आहे, मिहानकडच्या नवीन खापरीत. कॅपच्या पर्यायांत ते वर लिहायला विसरू नका. डिप्लोमासाठी सदरचे शासकीय तंत्रनिकेतन आहे, १९१४ पासूनची जुनी संस्था. विज्ञान पदवीसाठी दीक्षाभूमीवरचे डॉ. आंबेडकर महाविद्यालय आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे.

आपल्या शेजारी वाठोड्यात सिंबायोसिस या अभिमत विद्यापीठाचा परिसर आहे. शहरात खासगी विद्यापीठेही झाली आहेत, काही जुनी कॉलेजे आता स्वतः विद्यापीठ झाली आहेत. शिक्षण चांगले असू शकते, पण अभिमत आणि खासगी विद्यापीठांतले प्रवेश, आरक्षण आणि शासकीय शिष्यवृत्तीचे नियम संलग्न कॉलेजांसारखे नसतात. "इथे मला सामाजिक न्याय विभागाची शिष्यवृत्ती लागू आहे का?" हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

प्रवेशाच्या परीक्षा

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात एकूण २०० गुण असतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० आणि गणित १००. गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासावर असतात. भौतिक आणि रसायनचे प्रश्न मराठीतूनही मिळतात, गणित मात्र इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी गणिताचे इंग्रजी शब्द अकरावीतच पाठ करावेत. हा अडथळा आठवडाभराच्या मेहनतीने दूर होतो.

जेईई मेन वर्षातून दोनदा, साधारण जानेवारी आणि एप्रिलमध्ये होते आणि मराठीतूनही देता येते. एनआयटीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला बारावीला ६५ टक्के किंवा मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. "जेईई आपल्यासाठी नाही" असे म्हणून अर्जच न भरणे ही आपली जुनी खोड आहे. राखीव प्रवर्गाची मागच्या वर्षीची शेवटची रँक पाहा आणि मग ठरवा.

कागदपत्रे: इथेच जागा जाते

राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्राने राज्य स्थापनेच्या काळातच नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या. केंद्रात मात्र त्यासाठी १९९० पर्यंत थांबावे लागले, जेव्हा अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. हा हक्क चळवळीने मिळवला आहे, पण तो प्रवेशाच्या टेबलावर कागदाशिवाय चालत नाही.

पहिला कागद जातीचा दाखला. तो उपविभागीय अधिकारी देतात. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींसाठी वेगळा नमुना आहे, नमुना ७. आपला दाखला कोणत्या नमुन्यात आहे ते आजच पाहा.

दुसरा कागद जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्याला कॉलेजच्या प्राचार्यांचे पत्र लागते आणि तो जिल्हा पडताळणी समितीकडे जातो. नागपुरात समितीचे कार्यालय श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात आहे. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५० आहे. म्हणजे त्या तारखेआधी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात काय होती, याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुने महसुली कागद असे पुरावे चालतात. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कुणाला व्हॅलिडिटी मिळाली असेल तर काम बरेच सोपे होते.

आपल्या घरांत नेमकी अडचण इथे येते. आजोबांच्या कागदावर "महार" आहे, वडिलांच्या टीसीवर जातीच्या रकान्यात "बौद्ध" आहे आणि मुलाच्या टीसीवर आणखी काही. आडनाव एका पिढीत बदललेले असते. गाव भंडाऱ्याला किंवा उमरेडकडे, शाळा केव्हाच बंद पडलेली. हे कागद जुळवायला कधी महिना लागतो, कधी सहा. म्हणून अर्ज बारावीच्या निकालानंतर न करता अकरावीला प्रवेश घेताच करावा. डिप्लोमाला जाणाऱ्यांनी दहावीनंतर लगेच.

व्हॅलिडिटी हातात नसेल तर अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देण्याची पद्धत आहे. पण ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिले नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. पावतीला प्रमाणपत्र समजू नका.

आणखी एक गोंधळ. बौद्ध हे केंद्रीय यादीत अल्पसंख्याकही आहेत. पण अल्पसंख्याक असणे आणि अनुसूचित जातीचे असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, सवलतीही वेगळ्या. अर्जात घाईने फक्त "अल्पसंख्याक" भरले आणि प्रवर्ग रिकामा राहिला, तर राखीव जागेचा विचारच होत नाही. फॉर्म दोघांनी मिळून वाचा.

पैशाची व्यवस्था

- भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.
- फ्रीशिप. उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त असले तरी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती मिळते. "बाबा नोकरीत आहेत, आपल्याला काही मिळणार नाही" असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत.
- स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेरगावहून आलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत. नंदनवनात भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या खेड्यातल्या मुलांनी ही घ्यावीच. गुण, हजेरी आणि उत्पन्नाच्या अटी असतात.
- टॉप क्लास शिष्यवृत्ती. केंद्राची, ठरावीक नामांकित संस्थांतील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी. उत्पन्न मर्यादा आठ लाख. शुल्कासोबत लॅपटॉपसाठीही मदत. संस्थेच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा.
- टीएफडब्ल्यूएस. कॅपमध्येच मिळणाऱ्या, शिक्षण शुल्क माफ असलेल्या थोड्या जागा. उत्पन्न आठ लाखांपर्यंत, सर्व प्रवर्गांसाठी.

लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन. पहिली, शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप दोन्हींसाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. दुसरी, शिष्यवृत्तीच्या रकमेचा काही भाग थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. त्यात कॉलेजचे शुल्कही असते. ते पैसे घरात खर्च झाले की कॉलेज निकाल अडवते आणि भांडण सुरू होते. रक्कम आली की लगेच भरा आणि पावती जपा. तिसरी, अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो.

शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाने वेळोवेळी बजावले आहे. तरीही कुणी मागितले तर वाद न घालता लेखी मागणी मागा आणि सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात तक्रार द्या. एकटे जाऊ नका, कार्यकर्त्यांना सोबत घ्या.

कॉलेज पाहताना

जाहिरातीतले "पॅकेज" वाचण्याआधी हे विचारा. संस्थेला एआयसीटीईची मान्यता आहे का? नॅकचा दर्जा संपूर्ण कॉलेजचा असतो, एनबीएची मान्यता शाखेची असते. मग आपल्या शाखेला एनबीए आहे का? पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? प्रयोगशाळेत एका संगणकावर किती मुले बसतात? मागच्या वर्षी त्या शाखेतली किती मुले वेळेत उत्तीर्ण झाली? सर्वात मोठ्या पगाराऐवजी मधल्या मुलाला किती पगार मिळाला? उत्तरे कार्यालयापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून खरी मिळतात. कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा, बरेच कळते.

प्रवेश झाल्यावर

आपल्या आधीच्या पिढीला शिक्षणाने सरकारी नोकरीत नेले. रेल्वे, पोस्ट, महावितरण, बँक. तिथे आरक्षण होते आणि त्यातून आपली घरे उभी राहिली. संगणकाच्या बहुतेक नोकऱ्या खासगी आहेत. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, गायत्रीनगरच्या आयटी पार्ककडे पर्सिस्टंट आहे, पण तिथे आरक्षण नाही. प्रवेश आपल्याला हक्काने मिळतो, पुढचे दार मात्र आलेल्या कामावर आणि ओळखीवर उघडते. ओळख म्हणजे वशिला असे नव्हे. कंपनीत असलेला सीनियर सांगतो की जागा निघाली आहे, मुलाखतीत हे विचारतात. इतर समाजांतल्या मुलांना हे घरातच कळते, आपल्याला ते संघटित होऊन उभे करावे लागेल.

म्हणून पहिल्या वर्षापासून एक प्रोग्रामिंग भाषा नीट शिका, रोज थोडे प्रश्न सोडवा, स्वतः केलेले दोन-तीन प्रकल्प दाखवता येतील असे ठेवा. इंग्रजी बोलण्याची लाज सोडा. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून शेवटी बाहेर पडणारा मुलगा तुम्ही व्हा.

कार्यकर्त्यांसाठी

जयंतीची वर्गणी आपण दारोदारी फिरून जमवतो. तशीच एक फेरी जूनमध्ये कागदांसाठी काढता येईल. आमच्या अनुभवातून एवढे सुचवतो:

१. नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाचा जातीचा दाखला आहे का, याची वस्तीत यादी करा.

२. अकरावी विज्ञान आणि पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षातील मुलांचे व्हॅलिडिटी अर्ज ऑगस्टच्या आत भरून घ्या.

३. विहारात एक फाइल ठेवा. ज्यांना व्हॅलिडिटी मिळाली त्यांनी कोणते पुरावे दिले, ते लिहून ठेवा. पुढच्या कुटुंबाचे महिने वाचतात.

४. कॅप राउंडच्या काळात संध्याकाळी दोन तास लॅपटॉप घेऊन बसा. पर्याय भरताना आवडीचे कॉलेज वर, मिळण्यासारखे मध्ये आणि खात्रीचे खाली, या क्रमाने लिहून द्या.

५. संगणक क्षेत्रात नोकरीला असलेल्या वस्तीतल्या मुलामुलींना महिन्यातून एक रविवार मागा. पैसे नकोत, वेळ हवा.

नागपूरने १९५६ साली एका दिवसात लाखो लोकांना नवी ओळख दिली. त्या ओळखीचा कागद वेळेत तयार नाही म्हणून त्यांच्या नातवंडांची इंजिनिअरिंगची जागा जावी, हे आपल्याला शोभत नाही. पुढच्या रविवारी वंदनेला याल तेव्हा मुलाची गुणपत्रिका आणा आणि सोबत आजोबांचा शाळेचा दाखलाही शोधून आणा. बाकीचे आपण मिळून पाहू.

जय भीम. नमो बुद्धाय.